जिल्ह्यात कापड विकायचे नाही

ही २०२३ सालची गोष्ट. त्या वर्षी माझ्या सुनेने, गुंजनने, टेकचंदभाऊंच्या साड्यांच्या दुकानातली नोकरी सोडली आणि त्यानंतर काही आठवडे ती आपल्याच नातेवाइकांपासून तोंड लपवत फिरली. तिने चोरी केली नव्हती, भांडण केले नव्हते. एका कागदावर सही केली होती, एवढेच.

मी प्रेमिला टेंभरे. सडक अर्जुनी तालुक्यात नर्स म्हणून माझी सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर मुलाजवळ, गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याला, राहायला आले. मुलगा रोशन राइस मिलमध्ये फिटर आहे. त्याचे लग्न केले तेव्हा सून कोहमाऱ्याच्या मोठ्या घरातली आहे, तिला पाच मावश्या आणि चार आत्या आहेत, हे ऐकून मी मनात म्हटले होते की हिचे अर्धे आयुष्य लग्नकार्यांतच जाणार. झालेही तसेच, पण मला वाटले होते त्या प्रकारे नाही.

आमच्याकडे लग्नाचा बस्ता म्हणजे काय, हे नव्या लोकांना सांगावे लागते. माझ्या लग्नाचा बस्ता मला अजून आठवतो. वडील, दोन काका, काकू, मामा, मामी, आत्या, गावातले दोन जाणते, असे सगळे पॅसेंजरने गोंदियाला आलो होतो. दुकानात पांढरी गादी अंथरलेली. पितळी तांब्यातून पाणी दिले. समोर एक म्हातारा विक्रेता बसलेला, कानात अत्तराचा बोळा. त्याने एकही साडी उलगडण्याआधी विचारले, "पोरीले आत्या किती? मामा मोठा का लहान? पोराकडं आजी आहे का?" सगळी नाती कळल्यावरच त्याने कापड काढले. मावशीची साडी आईच्या साडीपेक्षा भारी दिसता कामा नये आणि मामीची आत्यापेक्षा हलकी दिसता कामा नये, हे त्याला ठाऊक होते. बस्त्यात एक साडी चुकली तर मांडवात एक माणूस रुसून बसतो आणि मग ते रुसणे नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरते. त्या म्हाताऱ्याने काढलेल्या बस्त्यात आमच्याकडे कोणीही रुसले नाही. पुढे दुकानांत काचेची कपाटे आली, काउंटर आले, मुली गणवेशाच्या साड्या नेसून उभ्या राहू लागल्या. "बजेट किती" हे विचारू लागल्या. नाते कोणी विचारेनासे झाले.

गुंजन विचारायची. टेकचंदभाऊंकडे ती लागली तेव्हा तिला काउंटरवर साड्यांच्या घड्या घालायला ठेवले होते. एके दिवशी तिरोड्याकडचे एक कुटुंब बस्त्याला आले आणि बायकांचे आपसात वाजू लागले. गुंजनने घडी टाकून दिली, गादीवर जाऊन बसली आणि म्हणाली, आधी मला सगळ्यांची ओळख सांगा. तासाभरात बस्ता बांधून झाला. टेकचंदभाऊ गल्ल्यावरून पाहत होते. दुसऱ्या दिवसापासून तिची जागा गादीवर झाली.

मग मोबाइलवरचे ते व्हिडिओ सुरू झाले. दुकानाचे एक पेज होते, ते कोणी पाहत नव्हते. गुंजनने त्यावर बोलायला सुरुवात केली. हिंदीत नाही, पुस्तकी मराठीतही नाही, घरात बोलतो तसे. "आत्याबाईचा मान काऊन मोठा, सांगतो," अशी सुरुवात करून ती साडी दाखवायची. घरी तिचे स्वतःचेही एक खाते होते, त्यावर ती स्वयंपाक, सण, सासू, असे काहीबाही बोलायची. सासू म्हणजे मीच. मी एकदा त्यात पोहे निवडताना दिसले आणि माझ्याबरोबर काम केलेल्या साकोलीच्या नर्सबाईचा फोन आला. मला आवडले, खोटे कशाला सांगू.

बालाघाटहून, डोंगरगडहून लोक विचारत येऊ लागले, गुंजनवहिनी कोण आहे. मी बाजारात गेले की भाजीवाली म्हणायची, "तुमच्या सुनेनं माह्या पोरीचा बस्ता काढला." मी नुसती हसायची, पण घरी येताना पिशवी हलकी वाटायची.

बिनसले ते कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साडीवरून. त्या दिवशी दुकानाच्या पेजवर थेट प्रक्षेपण चालू होते. एका बाईने लिहून विचारले, हा शुद्ध कोसा आहे का? गुंजन म्हणाली, नाही, यात दुसरा धागा मिसळलेला आहे, म्हणून तर या भावात मिळते. शुद्ध पाहिजे असेल तर वरच्या फळीवर आहे, भाव वेगळा पडेल. त्या मिसळीच्या साड्या त्याच दिवशी संपल्या. तरी माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याने टेकचंदभाऊंना फोन केला, की तुमच्या दुकानातली मुलगी माझ्या मालाची बदनामी करते.

टेकचंदभाऊंचा पुतण्या प्रफुल नुकताच नागपूरहून व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन आला होता. पोरगा वाईट नव्हता. त्याला दुकान मोठे करायचे होते आणि मोठ्या दुकानात जे असते ते सगळे आपल्याकडे हवे होते. त्याने सगळ्या मुलींना गादीवर बसवले आणि एकेक कागदाचा गठ्ठा दिला. त्यात लिहिले होते की दुकानाविषयी कोणीही मोबाइलवर परवानगीशिवाय बोलायचे नाही. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या खात्यावरचे व्हिडिओही आधी दाखवून घ्यायचे. नोकरी सोडल्यावर दोन वर्षे गोंदिया जिल्ह्यात कापडाच्या धंद्यात काम करायचे नाही. दुकानाच्या कोणत्याही ग्राहकाशी कोणत्याही मार्गाने संपर्क ठेवायचा नाही. आणि सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कोणालाही द्यायचा नाही.

गुंजनने विचारले, हा सोर्स कोड कोणत्या कपाटात आहे? मुली हसल्या. प्रफुलने कागद इंटरनेटवरून जसाच्या तसा उतरवला होता. तो म्हणाला, "वो रहने दो वहिनी, वो सब में रहता है." टेकचंदभाऊ म्हणाले, घरचाच मामला आहे, सही करून टाका. सगळ्यांनी सही केली. गुंजननेही केली.

त्यानंतर तिला सांगण्यात आले की व्हिडिओत फक्त "कोसा" म्हणायचे, मिसळ म्हणायचे नाही. ती म्हणाली, मला विचारले तर मी खरेच सांगेन. मग तिला व्हिडिओच देईनात. गादीवर बसायची, पण लोक मोबाइलवर पाहून तिलाच शोधत यायचे. शेवटी तिने रीतसर महिनाभर आधी सांगून नोकरी सोडली. त्या महिन्यात तिने रिंकू नावाच्या मुलीला बस्ता काढायला शिकवले. दुकानाच्या पेजचा पासवर्ड दिला, कपाटाची किल्ली दिली, गणवेशाच्या दोन्ही साड्या धुऊन इस्त्री करून दिल्या.

कुडव्यातच दुर्पता कटरे नावाच्या बाई साड्यांचे दुकान काढत होत्या. नवरा गेल्यावर शेत ठेक्याने देऊन त्यांनी रस्त्यावरची दोन गाळ्यांची जागा घेतली होती. त्या घरी आल्या, मला नमस्कार केला आणि म्हणाल्या की गुंजन माझ्या गादीवर बसली तर मी दुकान उघडते, नाही तर किराणा टाकते. घरापासून दहा पावलांवरचे काम. गुंजनने हो म्हटले. त्याच आठवड्यात नोटीस आली.

वकिलाचे कागद होते, जाड, लाल शिक्क्याचे. दोन वर्षे जिल्ह्यात कापड विकायचे नाही. ग्राहकांशी बोलायचे नाही. स्वतःचे खाते बंद करायचे, कारण त्यावर दुकानाची ख्याती वापरली आहे. नाही तर कोर्टात खेचू आणि भरपाई घेऊ. खाली तिची सही जोडली होती.

रोशनने वाचले आणि म्हणाला की नागपूरला एका मोठ्या दुकानात ओळख आहे, तिकडे बोलू का, जिल्ह्याबाहेर तर चालते ना. तो चांगल्या मनाने म्हणाला, पण गुंजन नागपूरला, तो मिलमध्ये, मी कुडव्याला, असे घर तीन ठिकाणी झाले असते. दुसऱ्या दिवशी तिने दुर्पताबाईंना निरोप पाठवला की तूर्त थांबा.

आणि मग ती वागू लागली त्या कागदाप्रमाणे. अगदी शब्दाप्रमाणे.

तिचे वडील दुधराम हे जुन्या वळणाचे शेतकरी. सही म्हणजे दिलेला शब्द, हे त्यांनी मुलांना असे शिकवले की ते अंगातच गेले. कागदात लिहिले होते की ग्राहकांशी संपर्क ठेवायचा नाही. आता तिचे ग्राहक कोण होते? तिची मोठी मावशी ग्राहक होती. दोन आत्या ग्राहक होत्या. चुलत सासू, नणंदेची जाऊ, शेजारच्या गावातले सगळे मामा, सगळेच ग्राहक होते. दुकानात ते आलेच मुळी गुंजन तिथे आहे म्हणून. ती त्यांचे फोन घेईना. दारात कोणी आले तर आत निघून जाई. मी विचारले तर म्हणाली, "सही माहीच आहे ना, आई."

कोहमाऱ्याला तिच्या चुलत बहिणीचे लग्न होते. ती जायलाच तयार नव्हती, कारण मांडवातले निम्मे लोक दुकानाचे ग्राहक. मी तिला बळेच नेले. हळदीच्या दिवशी सगळ्या बायका गाणी म्हणत होत्या, आणि माझी सून, जिच्यासाठी बालाघाटचे लोक विचारत येतात, ती मागच्या अंगणात पाठमोरी बसून वांगी चिरत होती. एका पाटीचे चिरून झाले की दुसरी ओढायची. मोठी मावशी तिला शोधत मागे आली. गुंजनने उभे राहून हात जोडले, पाया पडली आणि एक शब्द न बोलता परत पाटावर बसली.

मावशी पाटाजवळ उकिडवी बसली. मग म्हणाली, "काऊन वो, दुकान सुटलं तं मावशीबी सुटली का?"

गुंजनने पुढचे वांगे हातात घेतले. मावशी पदराने तोंड पुसत मांडवात गेली आणि मी तिच्या मागून जाऊन सगळे सांगितले. मावशीला ते समजले नाही. तिचे म्हणणे एवढेच, की मी तिला न्हाऊ घातले तेव्हा टेकचंदचे दुकान कुठे होते? दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवले की हा कागद कोणाला तरी जाणत्याला दाखवायचाच.

गोंदियात दुर्गा उईके नावाच्या वकील आहेत, कामगारांचे खटले चालवतात. वय फार नाही. मूळ देवरीकडच्या जंगलपट्टीतल्या. माझ्या जुन्या सहकारी नर्सबाईने नाव सुचवले. आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या खोलीत बिडी कारखान्यातल्या बायका बसलेल्या होत्या. आमची पाळी आल्यावर त्यांनी कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. सोर्स कोडपाशी आल्यावर हसू येऊन चष्मा काढून डोळे पुसले. मग गुंजनला प्रश्न विचारायला लागल्या, आणि ते प्रश्न असे होते की मलाच थोडी भीती वाटली.

दुकानाच्या संगणकातून ग्राहकांची माहिती घेतली का? नाही. माल कुठून कोणत्या भावाने येतो, हे दुर्पताबाईंना सांगितले का? नाही, त्यांनी विचारलेही नाही. दुकानात काढलेले व्हिडिओ स्वतःच्या खात्यावर आहेत का? आहेत, काही आहेत. ते काढून टाका, वकीलबाई म्हणाल्या. कामाच्या वेळात, त्यांच्या मालाचे, त्यांच्या पाटीखाली काढले ते त्यांचे. दुकानाविषयी वाईट बोललात का कुठे? नाही. बोलूही नका, त्या म्हणाल्या, अगदी राग आला तरी. आणि मोबाइलमधले हे सगळे नंबर?

गुंजन म्हणाली, "ते मले दुकानानं नाई दिले, म्याडम. ते तं लग्नाच्या आधीपासूनच आहेत."

मग त्यांनी आम्हाला नीट समजावून सांगितले. नोकरीत असताना मालक बंधन घालू शकतो. एकाच वेळी समोरच्या दुकानात काम करू नको, दुकानाच्या नावाने मोबाइलवर वाटेल ते बोलू नको, हे त्याला सांगता येते, आणि सही केली तर ते पाळावे लागते. दुकानाचे गुपित नोकरी सोडल्यावरही बाहेर काढायचे नाही, तेही बरोबर. पण नोकरी संपल्यावर माणसाने पोट भरण्याचा आपला धंदाच करू नये, अशी अट आपल्या देशाच्या करार कायद्यात टिकत नाही. तो कायदा इंग्रजांच्या काळचा आहे, दीडशे वर्षांचा, आणि तेव्हापासून तो हेच सांगतो. सही केली म्हणून ती अट खरी होत नाही.

गुंजनला ते शेवटचे वाक्य पटायला वेळ लागला. तिने तीनदा विचारले. सही करूनही? हो. आपल्या मर्जीने केली तरी? तरीही. वकीलबाई म्हणाल्या, "गुंजनताई, तुम्ही शब्द मोडत नाही आहात. जो शब्द कोणी मागूच नये, तो तुमच्याकडून मागितला होता."

नोटिशीला उत्तर गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी टेकचंदभाऊंचा स्वतःचा फोन आला, वकिलामार्फत नाही. म्हणाले, नर्सबाई, सुनेला घेऊन दुकानात या, बसून बोलू. वकीलबाईंना विचारले, त्या म्हणाल्या, जा, पण काहीही सही करू नका.

दुपारची वेळ होती. गादीवर टेकचंदभाऊ, शेजारी प्रफुल लॅपटॉप घेऊन, समोर आम्ही दोघी. चहा आला. टेकचंदभाऊंनी माझ्या साखरेची चौकशी केली, मी त्यांच्या गुडघ्यांची केली. मग प्रफुलने नवा कागद काढला. त्याने अट सैल केली होती. दोन वर्षांऐवजी एक वर्ष. सगळा जिल्हा नाही, फक्त गोंदिया शहर आणि कुडवा. आमगाव, तिरोडा, देवरी, कुठेही काम करा. किंवा परत या, पगार वाढवू. तो मनापासून समजावत होता. आपण बरेच मागे आलो, असे त्याला वाटत होते.

गुंजन काही बोलणार तेवढ्यात दारातून एक मोठे कुटुंब आत आले. आमगावकडचे. पुढे आजी, मागे पाच-सहा बायका, दोन मामा, नवरीमुलगी सर्वात शेवटी. आजीने गुंजनला गादीवर बसलेले पाहिले आणि तिचा चेहरा खुलला. म्हणाली, "आहे वो, हेच आहे गुंजनवहिनी. म्या सांगतलं नोहतं का?" आणि पिशव्या ठेवून ती सरळ तिच्यासमोर बसली.

काउंटरवरच्या मुली थांबल्या. प्रफुलने टेकचंदभाऊंकडे पाहिले. हे त्याच्या कागदातले नेमके तेच होते: ग्राहकाने तिला शोधत येणे. एक शब्द बोलली असती तर ते सगळे कुटुंब उठून कुडव्याला आले असते. दुर्पताबाईंचे दुकान दसऱ्याला उघडायचे होते, तरी ते कुटुंब तोपर्यंत थांबले असते. आजी थांबणाऱ्यांतली दिसत होती.

गुंजन आजीच्या पाया पडली. म्हणाली की मी आता इथे काम करत नाही, पण ही रिंकू काढून देईल, मीच शिकवले आहे तिला. आजीने विचारले, मग तू कुठे असतेस आता? सगळ्यांचे कान तिकडे होते. गुंजन म्हणाली, "ते मंग सांगीन, आजी. आज तुमी इथं आल्या, तं इथंच पाहा." आणि रिंकूला म्हणाली, "आदी इचारजो मामा किती ते. दोन दिसून राहिले."

रिंकूने त्यांना दुसऱ्या गादीवर नेले. तिकडे आत्या-मामींची मोजदाद सुरू झाली. मी माझ्या सुनेकडे पाहत होते. त्या क्षणी ती मला जेवढी उंच वाटली तेवढी उभी असतानाही कधी वाटली नव्हती.

प्रफुलने पेन पुढे केले. गुंजनने ते हातात घेतले नाही. ती टेकचंदभाऊंकडे वळून बोलली, आवाज न चढवता.

"भाऊ, पेज देल्लं. किल्ली देल्ली. साड्या देल्ल्या. तुमच्या दुकानातले व्हिडिओबी काढून टाकले. आता जिल्हाच बाकी राहिला का? तो तं तुमच्या दुकानातला माल नोहे."

टेकचंदभाऊ हसले नाहीत, रागावलेही नाहीत. कपातला उरलेला चहा संपवला. मग पुतण्याला म्हणाले, कागद ठेवून दे. प्रफुल म्हणाला, काका, लेकिन नोटीस तो दे चुके हैं. तेव्हा ते जे बोलले, त्याबद्दल मी त्यांना आजही मान देते. दुसरा कोणी असता तर त्याने ते पोटात ठेवले असते.

"आपल्या वकिलानं मले पयल्याच दिवशी सांगतलं होतं, हे कोर्टात टिकत नाई म्हनून. पन नोटीस पाहून मानूस दोन वर्सं घरीच बसते, असंबी सांगतलं. मी म्हनलं, बसन तं बसू दे." ते माझ्याकडे वळले. "बसली बी असती, नर्सबाई. खरी मानसंच बसतात."

मी म्हटले, "हाव, भाऊ. बसलीच होती."

गुंजनने एकच गोष्ट मागितली. नोटीस मागे घेतली, असे लेखी पाहिजे. तोंडी नको. टेकचंदभाऊ म्हणाले, मिळेल, आणि आठवड्याच्या आत ते आलेही. त्यांनी स्वतःहून एक अट सांगितली की मिसळ कोशावरून माझ्या दुकानाचे नाव घेऊ नको. ती म्हणाली, तुमचे नाव मी आजवर कुठेच घेतले नाही, पुढेही घेणार नाही. पण माझ्या गादीवर कोणी विचारले तर धागा कोणता आहे ते सांगेनच. ते म्हणाले, तुझ्या गादीवर तू पाहा.

आम्ही निघालो तेव्हा आमगावची आजी रिंकूशी मामीच्या साडीवरून वाद घालत होती, आणि रिंकू हरत नव्हती. स्कूटीवर गुंजन पुढे, मी मागे. रेल्वे फाटकापाशी थांबलो तेव्हा तिने मोबाइल काढला आणि मावशीला फोन लावला. फाटक उघडले, मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या, तरी तिचे बोलणे संपेना. शेवटी मीच गाडीवरून उतरले आणि मागच्या रिक्षावाल्याला म्हटले, बाजूने काढ बाबा, महिन्याचे बोलणे साचले आहे.

दुर्पताबाईंचे दुकान दसऱ्याला उघडले. गुंजनने पहिल्या वर्षी पगार घेतला, दुसऱ्या वर्षीपासून दुर्पताबाईंनी तिला भागीदार केले. तिथे कामाला लागणाऱ्या मुलींना एका पानाचे पत्र देतात, मराठीत. काम कोणते, पगार किती, सोडायचे असेल तर महिनाभर आधी सांगा, दुकानाचे भाव बाहेर सांगू नका, दुकानाच्या पेजवर बोलाल तर खरे बोला. सोडून गेल्यावर काय करायचे, याविषयी त्यात एक ओळही नाही. ते पान दुर्गा वकिलांनी फुकट तपासून दिले. त्यांच्याकडे आता औषधांच्या दुकानातली पोरे आणि शिकवणी वर्गांचे मास्तर असेच कागद घेऊन येतात, असे त्या सांगतात.

रिंकू टेकचंदभाऊंकडेच आहे. तिच्या गादीसमोर आता रांग लागते, आणि आमच्याकडे एखादी साडी नसली तर गुंजन ग्राहकाला तिच्याकडे पाठवते. टेकचंदभाऊंच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी गुंजन आणि मी दवाखान्यात भेटून आलो. प्रफुल रायपूरला एका मोठ्या कंपनीत गेला. रुजू होताना त्यांनी त्याच्यापुढे जाडजूड करार ठेवला, तेव्हा त्याने गुंजनला फोन करून विचारले, वहिनी, वो वकील म्याडम का नंबर दो ना. तिने लगेच दिला.

मोठी मावशी मागच्या थंडीत गेली. तिची शेवटची साडी गुंजननेच निवडली, साधी, हिरव्या काठांची, शुद्ध कोशाची. रोशन त्याच मिलमध्ये आहे, आता फिटरांचा प्रमुख झाला आहे, आणि बस्त्याच्या हंगामात घरचा रात्रीचा स्वयंपाक तोच करतो. भाजी तिखट करतो, पण कोणी तक्रार करत नाही.

मी सत्तरी ओलांडली आहे. दुपारी ऊन उतरले की दुकानात जाऊन गादीच्या कोपऱ्यात बसते. बाहेरगावच्या बायका विचारतात, तुम्ही कोण? मी म्हणते, हिची सासू. त्या बायका जरा सरकून मला जागा करून देतात.